जुब्ब्यापलीकडचा हुसेनमियाँ

तुझे वडील कुठे असतात, असं जेद्द्यातल्या कोकणी बायकांनी विचारलं की सफूरा म्हणायची, "हाइलकडे असतात, नोकरीला." खोटं नव्हतं ते. पण हाइल शहर मागं टाकून, जुब्बा नावाचं खजुरीच्या बागांचं गावही मागं टाकून, डांबरी रस्ता सोडून तांबड्या वाळूत गाडी घातली की बऱ्याच वेळानं एक पत्र्याची केबिन, एक विहीर आणि उंटांचं कुंपण लागायचं. तिथं तिचा बाप एकटा राहायचा. हे ती सांगत नसे. सांगितलं की पुढचा प्रश्न यायचाच, "एकटेच? करमतं कसं मग?" आणि त्याचं उत्तर तिला स्वतःलाही कधी मिळालेलं नव्हतं.

हुसेनमियाँ मुळात असा नव्हता. दाभोळच्या खाडीवर त्याचं गाव. बाप माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवर, चुलते मासेमारीच्या होड्यांवर, आणि घर माणसांनी इतकं भरलेलं की कुणाची उशी कुणाच्या डोक्याखाली गेली याचा पत्ता लागत नसे. त्या घरातला हुसेनमियाँ सगळ्यांत बोलका. लग्नात वाढायला तो पुढे, मयताला खांदा द्यायला तो पुढे, आणि खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी ओरडून गप्पा हाणण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. सफूरा पहिलीत असताना मुंबईच्या एका एजंटानं त्याला जेद्द्यात ड्रायव्हरची नोकरी लावून दिली. विमान जेद्द्यालाच उतरलं. पण न्यायला आलेल्या म्हाताऱ्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकानं, त्याला पिकअपमध्ये बसवलं, आणि ती गाडी उत्तरेकडे जी सुटली ती दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर नफूदच्या वाळूत थांबली. उंटांचा कळप दाखवून म्हातारा म्हणाला, "हे तुझं काम." पासपोर्ट म्हाताऱ्याच्याच खिशात होता. हुसेनमियाँनं तोवर उंट पाहिला होता तो मुंबईच्या चौपाटीवर, पोरांना पाठीवर घेऊन फिरणारा.

त्या काळी गावाकडे कॅसेटी यायच्या. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती माणसं आपला आवाज भरून पाठवत. म्हातारा कधीमधी हुसेनमियाँला हाइलच्या बाजारात नेई, तिथं एखादा रत्नागिरीकडचा भेटे, त्याच्याकरवी कॅसेट गावी पोचे. पहिल्या कॅसेटींत हुसेनमियाँ नुसता रडला. "हफीजा, मला इथून काढा गो. बोलायला कुत्रंसुद्धा नाही इथं." हफीजा घरातल्या पोरांना अंगणात घालवून, दार लावून ते ऐकायची. डोळे पुसून बाहेर यायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. काढायला जाणार कोण, आणि कुठं? नकाशात ती जागा दाखवणारा माणूस गावात नव्हता.

मग रडणं थांबलं. पाठोपाठ बोलणंही आटलं. एका कॅसेटीची अख्खी बाजू हफीजानं कान देऊन ऐकली, तर त्यात वाऱ्यावाचून काही नव्हतं. शेवटी एकदा खाकरल्याचा आवाज आणि "बरं आहे माझं," एवढंच. हफीजाला रडण्यापेक्षा ते ऐकून जास्त भीती वाटली होती. हे तिनं सफूराला फार पुढं, दुखण्यात पडल्यावर सांगितलं.

सफूराच्या निकाहाला तो आला होता. मांडवात माणसं मावत नव्हती, लाउडस्पीकर लागलेला, देगी चढलेल्या, आणि नवरीचा बाप गायब. शोधाशोध झाली. सफूराचा मामेभाऊ जलाल गावामागच्या सड्यावर चढला, तर तिथं काळ्या कातळावर हुसेनमियाँ नव्या कोऱ्या कपड्यांत बसलेला. जलालनं हात धरून खाली आणला. तो आला, वकील-साक्षीदारांसमोर बसला, पण घामानं सगळा भिजलेला. "किती माणसं गो," हफीजाला तो म्हणाला, "श्वासाला जागा नाही." हफीजानं आल्यागेल्याला सांगितलं, त्यांना प्रवास बाधलाय. घरात मात्र म्हणाली, "तिकडचं वारं लागलंय यांना. आता हे आपले राहिले नाहीत." पुढं ती वारली तेव्हा तो चाळिसाव्याला येऊन गेला, आणि त्यानंतर गावी फिरकलाच नाही. म्हाताऱ्या कफीलनं एव्हाना पासपोर्ट कधीच हातात दिला होता. जा म्हणत होता. हुसेनमियाँच जात नव्हता.

सफूराचा नवरा हाशिर जेद्द्याच्या बंदरात क्लिअरिंगच्या कंपनीत होता. ती तिथं आली, भारतीय शाळेत छोट्यांच्या वर्गाला शिकवू लागली, आणि दर हिवाळ्यात एकदा दोघं उत्तरेला जाऊ लागली. बाप आणि आपण एकाच देशात आहोत, याचा तिला पहिल्यांदा केवढा आनंद झाला होता! सोबत सोडे नेले होते, कुळथाचं पीठ नेलं होतं. हुसेनमियाँनं ते घेतलं, नाकाशी धरलं आणि फळीवर ठेवून दिलं. पुढच्या वर्षी गेली तेव्हा ते तसंच होतं.

त्याच्या तऱ्हा तिला हळूहळू कळत गेल्या. संध्याकाळी तो खजुरीच्या झापाच्या झाडूनं केबिनभोवतालची वाळू झाडून सपाट करी. सकाळी आधी ती वाळू बघायची, मग चहा. "काल कोल्हा येऊन गेला. साळू आली होती, पोरांना घेऊन." पाहुण्यांची हजेरी घ्यावी तसं तो सांगे. तो बघेपर्यंत कुणी त्या वाळूवर पाऊल टाकलेलं त्याला खपत नसे. हाशिरनं एकदा टाकलं तर हुसेनमियाँ दिवसभर गप्प झाला. उंटिणींना त्यानं गावातल्या बायकांची नावं दिली होती. सगळ्यांत खाष्ट होती तिचं नाव मामी. पाच वेळा उभा राहून तो खड्या आवाजात अजान देई, आणि अजान झाली की जमात गोळा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ वाट बघत थांबे. मग एकटाच नमाज पढे.

"कुणाची वाट बघता बाबा?" सफूरानं विचारलं होतं.

"कुणाची नाही. थांबायचं असतं," तो म्हणाला.

मराठी त्याची उंटांशी बोलण्यापुरती उरली होती. "ये गो, खा, उठ, हळू." सफूरालाही तो तसंच म्हणे. एकदा ती ताटावरून लवकर उठली तर तिच्याकडे बघून त्यानं जिभेनं टकटक आवाज केला, उंटिणीला बसवताना करतात तसा. हाशिरला हसू आवरेना. सफूराही हसली, आणि परतीच्या वाटेवर मदिना येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या मुलखात आणखी एक असाच होता. वाळूच्या टेकड्यांपलीकडे मेंढ्या राखणारा सुदानी, इद्रीस. मनगटावर दोन घड्याळं बांधायचा, एक इथलं, एक त्याच्या गावच्या वेळेचं. बायको आत्ता काय करत असेल ते कळावं म्हणून, असं सांगायचा, आणि त्याची बायको त्याला सोडून गेल्याला जमाना झाला होता. पाण्याचा टँकर यायचा त्या दिवशी इद्रीस चालत यायचा. दोघं केबिनच्या सावलीत शेजारी शेजारी बसायचे. चहा व्हायचा. बोलणं व्हायचं नाही. सूर्य कलला की इद्रीस उठायचा, हुसेनमियाँच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चालू लागायचा. सफूराला वाटायचं, आपण आणलेल्या गप्पांपेक्षा बापाला ही भेट जास्त पोचते.

म्हातारा कफील गेला आणि ही घडी विस्कटली.

त्याचा मोठा मुलगा फहद रियाधला बँकेत होता. भला माणूस. त्यानं सफूराला स्वतः फोन केला. "बहीण, हुसेन आम्हाला चुलत्यासारखा. लहानपणी मला उंटावर त्यानंच बसवलंय. पण आम्ही भाऊ सगळे शहरात. उंट विकलेत. त्या जागेवरून आता नव्या रस्त्याचं काम येतंय. त्याचा इकामा, राहायचा परवाना, मी आणखी किती ओढू? साठी उलटून गेलेली. तू त्याला घेऊन जा. मी खुरूज लावतो, फायनल एक्झिट, मायदेशी कायमची रवानगी. तिकीट माझ्याकडून."

सफूराला त्याचा राग यायला हवा होता. पण तो फोनवर रडत होता, त्यामुळे तेही जमलं नाही.

ती आणि हाशिर गेली तेव्हा कुंपण रिकामं होतं. केबिनचं दार उघडं, आणि आत हुसेनमियाँ गादीवर पडलेला. बाजूला इद्रीस बसलेला, दोन्ही घड्याळं काढून ठेवलेली. उंटांना ट्रकवर चढवताना कुंपणाची तार पायात घुसली होती, आणि हुसेनमियाँनं जखमेत राख भरून फडकं बांधलं होतं. त्याला साखरेचा आजार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. फडकं सोडलं तसा वास आला आणि सफूरा उठून बाहेर गेली.

ती परत आत आली ती भांडायच्या तयारीनं. बाप निघायला नाही म्हणेल, हट्ट करील, तर काय काय बोलायचं ते तिनं रस्ताभर घोकलं होतं. हुसेनमियाँनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल गो बाय. तू नेशील तिथं येतो."

त्याच्या ह्या ऐकण्यानंच ती घाबरली. हाशिर आणि इद्रीसनं मिळून त्याला गाडीत ठेवलं. इद्रीसनं रिवाजाप्रमाणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी सुटली तरी तो हात हवेत तसाच होता.

हाइलच्या इस्पितळात पायाची बोटं काढावी लागली. डॉक्टर चांगले होते, नर्सा मलयाळी, हिंदीत प्रेमानं बोलायच्या. वॉर्डात आणखी माणसं होती. हुसेनमियाँ दिवसभर तोंडावरून चादर ओढून असायचा. दुखतं का विचारलं तर मान हलवायचा. दुखणं त्याला सोसत होतं, माणसांचं खोकणं सोसत नव्हतं.

मग जेद्दा. सफूराचं घर सहाव्या मजल्यावर. खालच्या रस्त्यावर गाड्या, समोर चिकन भाजणाऱ्याचं दुकान, वर नव्यानं राहायला आलेल्यांचं फर्निचर सरकवणं. तिनं बापासाठी मुलीची, अफशाँची खोली रिकामी केली. अफशाँ आधी कुरकुरली, पण नानांचा पाय बघून गप्प झाली. हुसेनमियाँ त्या खोलीत दोन दिवस राहिला आणि बाल्कनीत सरकला.

"ममा, नाना फिर बालकनी में सो गए," अफशाँ सकाळी सांगायची. "एसी से डरते हैं क्या?"

भीत नव्हता. पण एसीची घरघर चालू झाली की त्याचे खांदे कानापर्यंत चढायचे. लिफ्टचं दार वाजलं की तो उठून बसायचा, कुणीतरी आलं म्हणून. कुणी आलेलं नसायचं. दिवसातून कितीदा तरी असं व्हायचं.

सफूराला सगळ्यांत लागायचं ते हे, की तो प्रयत्न करत होता. हट्टी म्हातारा असता तर तिनं कपाळाला हात लावून दोष त्याच्यावर ढकलला असता. हा तसा नव्हता. तिनं टेबलावर जेवायला बोलावलं की यायचा. तिनं केलेलं सांदण हातात घेऊन "बरं झालंय गो" म्हणायचा. अफशाँनं मोबाइलवर काही दाखवलं की डोळे बारीक करून बघायचा आणि "वा" म्हणायचा, चित्र संपल्यावर. एका शुक्रवारी गावाकडची मंडळी भेटायला आली, त्याच्या बरोबरीनं खाडीत पोहलेले दोघे होते त्यात. हुसेनमियाँ कपडे बदलून, टोपी घालून बाहेर येऊन बसला. थोडा वेळ हसतमुखानं ऐकत होता. मग "जरा आलोच" म्हणून उठला. मंडळींचा चहा झाला, खाणं झालं, निरोपाची वेळ झाली तरी येईना. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. हाशिरनं हाका मारल्या. सगळी गेल्यावर दार उघडलं. तो पालथ्या बादलीवर बसला होता, कानात टॉवेलाचे बोळे.

"माफ कर गो," तो म्हणाला. "तुला खाली बघायला लावलं."

"खाली कसलं बघायला लावलंत!" सफूराचा आवाज चढला. "पण मी काय करू ते तरी सांगा बाबा. मला कळत नाही. मी काय करू?"

त्यानं कानातले बोळे काढले. मग सावकाश, शब्द शोधत म्हणाला, "तू काय करणार? तुझा काय गुन्हा आहे यात. इथं भिंतीपलीकडे माणसं असतात. दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. तिकडं जे ऐकू येतं ते दिसतं. एवढाच फरक. पण माझ्यानं होत नाही गो. बघतोय करून. होत नाही."

त्याचं जेवण कमी होत गेलं. साखर कधी वर, कधी एकदम खाली. पायाची जखम भरेना. डॉक्टर म्हणाला, याचं मन कुठंतरी अडकलंय, त्याच्याशी बोलत जा. सफूरानं मान डोलावली. बोलण्यानंच तो सुकत चाललाय हे डॉक्टरला कसं सांगणार?

एक दिवस ती शाळेतून आली तर बाल्कनी रिकामी. अफशाँ क्लासला, हाशिर बंदरात. तिनं शेजारच्या इमारती पालथ्या घातल्या, मशिदीत बघायला माणूस पाठवला. दुपार कलल्यावर हाशिरचा फोन आला: सापडले. कुबडी टेकत, लोकांना अरबीत विचारत हुसेनमियाँ लांब पल्ल्याच्या बसच्या अड्ड्यावर पोचला होता आणि जुब्ब्याचं तिकीट मागत होता. तिकीटवाल्यानं इकामा मागितला. इकाम्याची मुदत सरलेली. तिकीटवाल्याला दया आली असावी. त्यानं पोलिसांना न बोलावता, याच्या खिशातल्या चिठोऱ्यावरच्या नंबरावर फोन केला होता.

हाशिरचा स्वभाव शांत. पण त्या दिवशी घरात शिरताच तो कडाडला, "पकडलं असतं म्हणजे? तुरुंगात बसवलं असतं बाबा! एकेका खोलीत पन्नास-पन्नास माणसं असतात. ते सोसलं असतं तुम्हाला?"

हुसेनमियाँ भिंतीला टेकून उभा होता. त्याची कुबडी निसटून पडली. हाशिरनंच मग पुढं होऊन त्याला खुर्चीत बसवलं, पायातली चप्पल काढली, आणि सफूराकडे बघून हातानंच विचारलं, आता?

सफूरानं हातपाय मारायचं सोडलं नाही. हाशिरच्या पेशाला सासऱ्याला आपल्या नावावर ठेवून घ्यायची मुभा नव्हती. तिनं दोन-तीन ठिकाणी विचारून बघितलं, सगळीकडून एकच उत्तर, "खलास, एक्झिट." फहदला फोन केला: उंट नसले तरी चालेल, नुसती ती केबिन राहू दे, आम्ही पाणी, धान्य पोचवू. फहद म्हणाला, "बहीण, केबिन उचलून नेली. विहीर बुजवली. मी परवा स्वतः जाऊन बघून आलो, जागा ओळखू येत नाही." मग तिनं इद्रीसला गाठलं. इद्रीस ऐकताच म्हणाला, "पाठव. आजच पाठव. माझ्या भाकरीतली अर्धी त्याची. त्याचा आवाज नसतो, मला त्रास नाही." सफूरानं त्या दिवशी किती महिन्यांनी पोटभर जेवण केलं. चार-सहा दिवसांनी इद्रीसचाच फोन आला. आवाज खाली गेलेला. "माझा कफील नाही म्हणतो. बिनइकाम्याचा माणूस ठेवला तर मलाही काढील. बेटी, मी काय करू?" तोच प्रश्न. सगळेच तिला तोच प्रश्न विचारत होते.

खुरूजचा शिक्का पडला. तारीख ठरली. निघायच्या आठवड्यात हुसेनमियाँनं एकच मागणं केलं. "एकदा तिकडं नेतेस? बघतो आणि येतो."

हाशिरला रजा नव्हती. पायाची अवस्था एवढ्या प्रवासाची नव्हती. आणि नेऊन दाखवायचं काय? सफूरा त्याच्यासमोर खाली बसली. "बाबा, तिकडं आता काही नाही उरलेलं. केबिन नाही, विहीर नाही. काहीसुद्धा नाही."

"काही नव्हतंच गो पहिल्यापासून," हुसेनमियाँ म्हणाला. "म्हणून तर राहिलो."

ती त्याला घेऊन गेली नाही.

विमानतळावर मक्केच्या उमऱ्याहून परतणाऱ्यांची झुंबड होती. झमझमच्या पाण्याचे खोके, रडणारी पोरं, घोषणा. व्हीलचेअरवर बसलेल्या हुसेनमियाँनं रुमाल डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता आणि त्याच्या आत तो काहीतरी पुटपुटत होता. सफूरा कान जवळ नेऊन ऐकू लागली. दुआ असेल असं तिला वाटलं होतं. "बस गो मामी, बस, हळू, बस," तो म्हणत होता. कर्मचाऱ्यानं खुर्ची आत ढकलली. हुसेनमियाँनं मागं वळून बघितलं नाही. वळला असता तर सगळी गर्दी दिसली असती, म्हणून वळला नसेल, असं हाशिर म्हणाला. तिची समजूत काढायला म्हणाला असेल, पण तिला ते खरं वाटलं.

मुंबईला जलाल आला होता. आपल्या फुफाला, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, त्यानं जपून गावी, स्वतःच्या घरी नेलं. घरात जलालची बायको, सुना, नातवंडं. दारावरून मासळीचे टेम्पो. अंगणात दिवसभर ये-जा. जलाल चार दिवसांत समजला. त्याला निकाहाच्या दिवशीचा सडा आठवला. वर सड्यावर त्याच्या ओळखीतल्या कुणाची आंब्याची कलमं होती, राखणीला बांधलेलं एक खोपट होतं. त्यानं ते शाकारून दिलं, खाट टाकली, सकाळ-संध्याकाळ डबा पोचवायची सोय लावली. "फुफा, बघा, इथं कुणी नाही," तो म्हणाला. हुसेनमियाँनं चारी बाजूंना बघितलं. खाली खाडी, वर आभाळ, मध्ये काळा कातळ. त्या संध्याकाळी त्यानं डबा पुसून खाल्ला. जलालनं लगेच फोन केला आणि सफूरा शाळेच्या जिन्यातच बसून रडली. सुटले, असं तिला वाटलं.

पावसाळ्यात त्याला खाली आणावं लागलं. सड्यावर टिकाव कुणाचा लागतो! मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून त्यानं ते महिने काढले, तापात. पाऊस सरल्यावर परत वर.

सफूरा रमजानच्या सुट्टीत गेली तेव्हा सडा चढताना तिला खालूनच घरघर ऐकू आली. खोपटापासून हाकेच्या अंतरावर कातळ फोडायचं काम चाललं होतं. मुंबईच्या कुणीतरी सड्याचा तो भाग विकत घेतला होता. खाडी दिसणारं हॉटेल होणार होतं. दोन जेसीबी, पलीकडे मजुरांच्या ताडपत्र्या, त्यांचे रेडिओ. हुसेनमियाँ खाटेवर बसला होता. फार वाळला होता. कानांवर हात नव्हते. मांडीवर पडलेले होते, कुणी ठेवून दिल्यासारखे.

"बाबा," ती म्हणाली.

त्यानं ओळखलं. थोडा सरकला, तिला जागा दिली. ती त्याच्या शेजारी बसली. न बोलता बसायचं, असं तिनं ठरवलं होतं, तो आणि इद्रीस बसायचे तसं. पण जेसीबीचा दात कातळावर खरडला की तिच्याच अंगावर काटा यायचा, आणि मधल्या शांततेत ती पुढच्या खरखरीची वाट बघत राहायची.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "इद्रीस बरा आहे?"

इद्रीसचा फोन हिवाळ्यापासून बंद होता. फहदलाही काही ठाऊक नव्हतं. तो सुदानला गेला की दुसऱ्या कुठल्या वाळूत, की आणखी काही, ते सांगणारं कुणी नव्हतं.

"बरा आहे," सफूरा म्हणाली. "तुम्हाला सलाम सांगितलाय."

त्यानं मान हलवली. खरं वाटलं की नाही ते तिला कळलं नाही. अजानची वेळ झाली. खालच्या मशिदीचा लाउडस्पीकर सुरू झाला, पाठोपाठ खाडीपलीकडच्या मशिदीचा. हुसेनमियाँ स्वतः उठून उभा राहिला नाही. आता त्याच्या अजानची इथं गरज नव्हती.

उतरताना तिनं न्यायला वर आलेल्या जलालला विचारलं, "आणखी कुठं जागा नाही जलालभाई? आत, डोंगरात कुठं?"

जलाल वाटेत थांबला. त्याचंही वय झालं होतं, धाप लागत होती. "आत नेला तर डबा कोण नेणार? पाय हा असा. रात्री-बेरात्री काही झालं तर कळणार कुणाला? माणसांजवळ ठेवला तर जेवत नाही, माणसांपासून दूर ठेवला तर जगत नाही. मी तरी काय करू, सफूरा? सांग, तू सांगशील ते करतो."

सुट्टी संपली तशी ती जेद्द्याला परतली.

पुढं सड्याच्या त्या भागाला तारेचं कुंपण पडलं आणि खोपट गेलं. जलालनं त्याला घरामागच्या आंब्याच्या अढीच्या खोलीत ठेवलंय. जाड भिंती आहेत, खिडकी नाही, त्यातल्या त्यात आवाज कमी. जलालचा फोन आला की सफूरा आधी विचारते, "जेवले का?" जलाल कधी म्हणतो, "थोडं जेवले," कधी म्हणतो, "नाही." फोन त्यांच्याकडे देऊ का, असं तो पूर्वी विचारायचा. आता विचारत नाही. ती म्हणते, बरं. तो म्हणतो, बरं. मग दोघंही, आणखी काही बोलायचं राहिलंय का ते आठवत, थोडा वेळ फोन तसाच धरून राहतात.